चित्रात माणूस हवा

गजभिये मॅडम सोमवारी सकाळी गेल्या. दूधवाल्याने दोनदा घंटी वाजवली आणि तो माझ्या दारात आला. त्यांच्या घराची एक किल्ली माझ्याकडे असायची. मी आत गेलो, बाहेर आलो आणि त्यांच्या मुलीला, पल्लवीला, पुण्याला फोन लावला. गाडी अंगणात उभी होती. तिचं तोंड गेटकडे होतं.

ते नेहमी गेटकडेच असायचं. फुलचूरच्या आमच्या गल्लीत बाकी सगळे गाडी सरळ आत घालतात आणि सकाळी आरडाओरडा करत मागे काढतात. मॅडमचं उलट होतं. संध्याकाळी घरी आल्या की गाडी मागे घेत घेत अंगणात लावायच्या. "संध्याकाळी घाई नसते सर," त्या म्हणायच्या. "मागे पाहायचं काम संध्याकाळीच उरकून घ्यावं. सकाळी समोर पाहून निघावं." या वाक्यात त्यांना काही खोल म्हणायचं नसायचं. त्या पार्किंगबद्दलच बोलत असायच्या.

आम्ही दोघं गोंदियाच्या एकाच शाळेत होतो. त्या चित्रकला शिकवायच्या, मी ग्रंथालय सांभाळायचो. आमच्या दोन्ही कामांना कोणी फार मोजत नसे, त्यामुळे आमची ओळख झाली. गणिताच्या मास्तरांचा अभ्यासक्रम मागे पडला की ते चित्रकलेचा तास मागून घ्यायचे. मॅडम देऊन टाकायच्या आणि ग्रंथालयात येऊन बसायच्या. पुस्तक वाचायच्या नाहीत. मुखपृष्ठं पाहायच्या आणि नापास करायच्या.

त्यांच्या वर्गातली एक गोष्ट मी व्हरांड्यातून अनेकदा ऐकली आहे. पोरांना 'निसर्गचित्र काढा' म्हटलं की सगळी पोरं दोन डोंगर काढतात, मधे सूर्य, खाली नदी आणि नदीकाठी झोपडी. मॅडम कागद हातात घ्यायच्या.

"या झोपडीत कोण राहते?"

"कोणी नाही मॅडम."

"मग कायले बांधली?"

पोरगं खोडरबर शोधायचं.

"माणूस काढ. माणूस नसला त झोपडी केवढी हाय, मले कसं समजंल? कोंबड्याची खुराडी बी असू शकते."

एरवी त्या शाळेच्या मराठीत बोलायच्या. पण मन लावून रागावल्या की देवरीकडची, त्यांच्या गावची बोली वर यायची. पोरांना ते माहीत होतं. 'कायले' ऐकू आलं की वर्ग सरळ बसायचा. तास संपेपर्यंत प्रत्येक नदीकाठी एक माणूस उभा राहिलेला असायचा, बहुतेक करून हात लांब पसरून.

निवृत्तीनंतरही त्या स्कूटीच चालवायच्या. दर रविवारी विहारात मुलांना चित्रकला शिकवायला जायच्या, गोरेगावला बाजाराला जायच्या, देवरीकडे भावाला भेटायला जायच्या. एका वर्षी कापणीच्या दिवसांत रस्त्यावर कोणी धान वाळत घातलं होतं. त्या धानावरून स्कूटी घसरली. हात प्लास्टरमध्ये गेला. पल्लवी पुण्याहून आली. ती त्यांची एकुलती एक मुलगी. वडील ती कॉलेजात असतानाच वारले होते.

"आई, एक तर पुण्याला चल, नाही तर स्कूटी सोड," तिने सांगितलं.

मॅडमनी स्कूटी सोडली. प्लास्टर निघालं तसं त्यांनी एक जुनी, लहान, पांढरी गाडी घेतली.

"मी स्कूटी सोड म्हटलं होतं," पल्लवी फोनवर म्हणाली. फोन स्पीकरवर होता आणि मी चहा पीत होतो.

"सोडली न."

"म्हणून कार?"

"ते तू बोलली नव्हतीस."

पल्लवी वकील आहे. तिला असं उत्तर आवडलं नाही. शेवटी तिने अट घातली. दसऱ्याला ती येणार. आईने तिच्यासमोर गाडी चालवून दाखवायची आणि त्या गेटातून मागे घेऊन लावून दाखवायची. कुठे घासली, कुठे धडकली, तर गाडी विकायची, घराला कुलूप लावायचं आणि आईने पुण्याला यायचं. कायमचं.

"मंजूर," मॅडम म्हणाल्या.

पुण्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. एकदा महिनाभर राहून आल्या होत्या. पल्लवीचं घर बरंच वरच्या मजल्यावर आहे. "घर चांगलं आहे," त्या मला म्हणाल्या. "लिफ्टसुद्धा चांगली आहे. पण खिडकीतून सगळे वरूनच दिसतात. माणसाचं टक्कल दिसतं, चेहरा दिसत नाही. आता या वयात मी टकलांचा अभ्यास करू काय?"

त्यांचं गेट अरुंद आहे आणि गल्लीला तिरपं आहे. गेटासमोर विजेचा खांब. या खांबाने गल्लीतल्या बहुतेक गाड्यांना एकेक खूण करून ठेवली आहे. शिवाय मॅडमची मान वळत नव्हती. आयुष्यभर फळ्याकडे तोंड करून उभं राहिल्याने असं झालं असं त्या सांगायच्या. डॉक्टर वेगळं कारण सांगायचे. ड्रायव्हिंग शिकवायला येणारा ठाकूर रोज म्हणायचा, "मॅडमजी, पीछे मुडके देखो."

"मुडत नाही."

"तो गर्दन का इलाज कराओ. गाडी बाद में सीखना."

"गाडीचा इलाज करू," मॅडम म्हणाल्या, आणि बाजारातून मागचा कॅमेरा बसवून आणला.

रिव्हर्स गिअर टाकला की समोरच्या लहान पडद्यावर मागचं दिसायचं. त्यावर दोन्ही बाजूंनी रेषा असायच्या: गाडीजवळ लाल, मग पिवळी, लांब हिरवी. मॅडम पहिल्या दिवशी पडद्यासमोर बराच वेळ बसून राहिल्या. मग उतरल्या, गाडीच्या मागे गेल्या आणि जमिनीकडे पाहू लागल्या. रेषा तिथे नव्हत्या.

"हे बरोबर नाही सर," त्या म्हणाल्या. "चित्रात आहे आणि जागेवर नाही. मुलांना मी असं करू देत नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ऑइलपेंटचे तीन डबे आणले. गाडी गेटात उभी केली, रिव्हर्स गिअर टाकला आणि पडद्यात पाहत बसल्या. मी ब्रश घेऊन सिमेंटच्या अंगणात ओणवा.

"थोडं डावीकडे. तुमच्या नाही, माझ्या डावीकडे. हां. आता ओढा. ओढा. थांबा, आता पिवळा घ्या."

दुपारी रंग वाळल्यावर आम्ही दोघांनी पायरीवर उभं राहून पाहिलं. रेषा सरळ नव्हत्या. गेटातून निघून दोन्ही रेषा वळत वळत माझ्या कुंपणाच्या बाजूला गेल्या होत्या. स्टिअरिंग वळवलं की पडद्यावरच्या रेषाही वळतात, हे आम्हाला ठाऊक नव्हतं, आणि मॅडमनी स्टिअरिंग वळलेलंच ठेवलं होतं. दुसरी गोष्ट त्याहून वाईट होती. गाडी गेटात असताना रेषा आखल्यामुळे लाल रंग गेटाजवळ आला होता आणि हिरवा मागच्या भिंतीजवळ. म्हणजे आमच्या अंगणाचं म्हणणं असं होतं, की गाडीने गेटावरच थांबावं आणि भिंतीत मात्र बिनधास्त शिरावं.

शेजारच्या बिसेन काकू कुंपणावरून पाहत होत्या. त्यांनी विचारलं, "काऊन वो मॅडम, इथं सर्कस येऊन राहिली काय?"

"येऊन राहिली," मॅडम म्हणाल्या. "तिकीट काढून ठेवा."

मी टर्पेंटाइन आणतो म्हणालो. त्या नको म्हणाल्या. "रंग ओला असेपर्यंत ती चूक असते सर. वाळल्यावर ते चित्र होतं. आता त्यातच काम करायचं." मग स्वतः खाली बसून त्यांनी भिंतीच्या अलीकडे एक जाड लाल आडवी रेष ओढली. हात थोडाही हलला नाही. "इथे थांबायचं," त्या रेषेला उद्देशून म्हणाल्या.

आणि गंमत अशी की त्या वाकड्या रेषा उपयोगाच्या निघाल्या. गेट तिरपं असल्यामुळे गाडीला वळणं भागच होतं. स्टिअरिंग त्या दिवशी होतं तेवढं वळवलं की पडद्यावरची रेष अंगणातल्या रेषेवर बसायची. मग स्टिअरिंगला हात न लावता हळूहळू मागे यायचं, जाड लाल रेषेपर्यंत. गाडी शेवटी तिरपी उभी राहायची आणि तिचे मागचे दिवे माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत डोकावायचे. पण घासायची नाही.

एकच अडचण होती. पडद्यात मॅडमना अंतर कळत नव्हतं. या कॅमेऱ्यात सगळंच असतं त्याहून लांब दिसतं. रोज संध्याकाळी ब्रेक दाबून थांबायच्या, उतरून मागे जाऊन पाहायच्या आणि परत बसायच्या. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांनी मला हाक मारली.

"सर, इकडे या. त्या सीताफळाखाली उभे राहा."

"कशाला?"

"चित्रात माणूस हवा."

सीताफळाचं झाड अंगणाच्या कोपऱ्यात, सिमेंट नसलेल्या मातीत, रेषांच्या बाहेर आहे. तिथे उभा राहिलो की मी पडद्याच्या उजव्या कडेला दिसायचो. मी किती मोठा दिसतो त्यावरून त्यांना भिंत किती जवळ आली ते कळायचं. नियम दोन होते. मी रेषेच्या आत पाऊल टाकायचं नाही, आणि मी त्यांना दिसेनासा झालो तर त्या गाडी थांबवणार, मी परत दिसेपर्यंत. "आता थांबा" किंवा "येऊ द्या" म्हणायची मला परवानगी नव्हती. मी फक्त उंचीचं काम करत होतो.

"तुम्ही यात बारीक दिसता," त्या एकदा काच खाली करून म्हणाल्या. "तेवढाच कॅमेऱ्याचा फायदा."

तेव्हापासून मी रोज संध्याकाळी तिथे उभा राहू लागलो. हातात बहुधा पुस्तक असायचं. पुढे अंदाज आल्यावर त्यांना माझी गरज उरली नसावी. मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

गाडी मागे घेण्याचे त्यांचे काही नियम होते आणि ते जगासाठीही होते. गिअर टाकण्याआधी गाडीला एक पूर्ण चक्कर. त्यांच्या गावी बैलगाडीच्या सावलीत लोक झोपतात, म्हणून गाडी जुंपण्याआधी खाली वाकून पाहायची पद्धत आहे. तीच त्यांनी कारला लावली होती. कॅमेऱ्याची काच रोज पुसायची. त्यासाठी जुन्या सुती साडीचा तुकडा दाराच्या कप्प्यात असायचा. मळणीच्या दिवसांत धुरळा एवढा असतो की सकाळी पुसलेली काच संध्याकाळी आंधळी होते. कॅमेरा मागचं दाखवतो, बाजूचं दाखवत नाही, तेव्हा दोन्ही आरसेही पाहायचे. हे सगळं त्या सीटवर बसल्या बसल्या मोठ्याने म्हणायच्या, वर्गात हजेरी घेतल्यासारखं.

एकदा गोंदियात एका लग्नाला आम्ही त्यांच्या गाडीतून गेलो. निघताना गाडी मागे घ्यायची होती. मांडवातला एक तरुण धावत आला आणि बाजूला उभा राहून गाडीच्या पत्र्यावर हात मारू लागला. "आने दो, आने दो, आने दो आंटी, बहोत जगा है!"

मॅडमनी ब्रेक दाबला आणि काच खाली केली. "तू कुठे उभा आहेस?"

"यहीं तो हूँ."

"तू माझ्या चित्रात नाहीस. आरशातही नाहीस. जो मला दिसत नाही त्याचं 'आने दो' मी ऐकत नाही. तिथे, त्या खुर्च्यांपाशी जाऊन उभा राहा. आणि तोंड बंद."

तो गेला. खुर्च्यांपाशी उभा राहिला. तोंडही बंद ठेवलं. मॅडमनी गाडी मागे घेतली, वळवली आणि जाताना त्याला म्हणाल्या, "उंची चांगली आहे तुझी."

पण हे नंतरचं. आधी दसरा आला.

दसऱ्याला आमच्या भागात दोन मोठी कामं असतात. मॅडमसारखे लोक धम्मचक्र दिनासाठी नागपूरला दीक्षाभूमीवर जातात, आणि बिसेन काकूंसारखे लोक गाड्या धुऊन त्यांची पूजा करतात. पल्लवी आदल्या दिवशी आली. मायलेकी रेल्वेने नागपूरला गेल्या आणि दसऱ्याच्या रात्री परतल्या. परीक्षा दुसऱ्या दिवशी होती. गोरेगावपर्यंत जायचं, परत यायचं आणि गाडी अंगणात लावायची. पल्लवीने पुण्याची दोन तिकिटं काढून ठेवली होती. एक तिचं होतं.

सकाळी मॅडमनी खाली वाकून पाहत गाडीला चक्कर मारली. पुढे झेंडूची माळ होती. काकूंनी त्या नसताना मारुतरावांच्या ट्रॅक्टरसोबत यांच्या गाडीचीही पूजा उरकून टाकली होती. मारुतराव म्हणजे काकूंचे यजमान.

"बिन पूजेची गाडी गल्लीत एकटी दिसत होती, बरं नाही वाटलं," काकू म्हणाल्या. "तुमी मानत नाही, मले मालूम हाय. पण गाडी त मानत असंल."

"तिला विचारून सांगते," मॅडम म्हणाल्या. माळ काढली नाही. निघायची घाई होती, मुलगी घड्याळ पाहत होती. त्या दिवशी त्यांनी कॅमेऱ्याची काच पुसली नाही. तेवढी एकच गोष्ट राहिली.

मी मागच्या सीटवर होतो. जाताना काही झालं नाही. गोरेगावला आम्ही रस्त्याच्या कडेला थांबून भजी खाल्ली. पल्लवीने प्रत्येक एस.टी. आणि मोटारसायकल जवळून जाताना डॅशबोर्ड धरला. परत आलो. मी गल्लीत उतरलो आणि सीताफळाखाली जाऊन उभा राहिलो. मॅडमनी गाडी खांबापाशी आणली, स्टिअरिंग वळवलं आणि रिव्हर्स गिअर टाकला.

गाडी हलली नाही.

पडद्यावर काय होतं ते पल्लवीने मला नंतर सांगितलं. पडदा लाल होता. कडेने थोडा पिवळा. बाकी काही नाही. काकूंनी गाडीला पुढून कुंकू लावलं होतं आणि मागूनही. मागे नंबर प्लेटच्या वर, बरोबर मधोमध, एक काळा गोल ठिपका होता. जिथे कपाळ असायला हवं तिथेच. काकूंनी हळद-कुंकवाचं भरपूर बोट तिथे टेकवलं होतं.

"आई, चल न," पल्लवी म्हणाली. "आरशात पाहून घे. रस्ता रिकामाच आहे."

"सर दिसत नाहीत."

"ते झाडाखाली आहेत. मला माहीत आहे, ते तिथेच आहेत."

"मला दिसत नाहीत."

मागे एक टेम्पो येऊन उभा राहिला आणि हॉर्न वाजवू लागला. कुंपणावर काकू होत्या, त्यांच्यामागे गल्ली होती. सगळ्यांना ठाऊक होतं काय पणाला लागलं आहे, आणि सगळे एकाच वेळी 'येऊ द्या, येऊ द्या' म्हणत होते. मॅडमनी इंजिन बंद केलं. दार उघडलं. साडीचा तुकडा घेतला आणि टेम्पोवाल्याकडे न पाहता मागे आल्या. कुंकू पाहिलं. काकूंकडे पाहिलं.

"काकू, हा डोळा होता."

"अगो बाई," काकू म्हणाल्या. "मले वाटलं बटन हाय."

मॅडमनी डोळा पुसला. मग, रोजच्यासारखी, पूर्ण चक्कर मारली. गेटाच्या आत, वळणाच्या आतल्या बाजूला, हिरव्या रेषेवर गल्लीतली कुत्री आडवी झाली होती आणि तिला तिची पिल्लं चिकटली होती. मला ती झाडाखालून दिसत होती. पण मला बोलायची परवानगी नव्हती, आणि खरं सांगायचं तर मी बोललो असतो तरी त्या गर्दीत ऐकू गेलं नसतं. आरशात ती कुठल्याच बाजूने दिसली नसती.

मॅडमनी कुत्रीला उठवलं. पिल्लं एकेक करून उचलून माझ्या पायांशी ठेवली. "यांना धरा सर." मग गाडीत बसल्या, आरसे पाहिले, पडदा पाहिला, आणि एका वळणात, हात न बदलता, गाडी जाड लाल रेषेवर आणून उभी केली. तिरपी.

पल्लवी उतरली. गाडीच्या चारी बाजू पाहिल्या. पत्र्यावरून हात फिरवला. कुंकवाशिवाय हाताला काही लागलं नाही. ती पायरीवर बसली आणि पिल्लांकडे पाहत राहिली.

"पास की नापास, ते सांग," मॅडम म्हणाल्या. "मला भात लावायचा आहे."

"लाव," पल्लवी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती एकटी गेली. दुसरं तिकीट तिने रद्द केलं.

त्यानंतर तीन दसरे झाले. काकू दरवर्षी पूजा करायच्या; फक्त मागे कुंकू लावण्याआधी हाक मारून विचारायच्या, "मॅडम, डोळा कोणता जी?"

मॅडम गेल्या त्या सोमवारच्या आदल्या दिवशी, रविवारी, त्या विहारातला वर्ग घेऊन परत आल्या. मी झाडाखाली होतो. गाडी वळणावरून मागे आली आणि रेषेवर थांबली. तिथून मला त्यांचा चेहरा कधी दिसायचा नाही. मागच्या काचेतून फक्त अंबाडा दिसायचा. थांबल्यावर त्या खिडकीतून हात बाहेर काढायच्या, तळवा खाली करून. म्हणजे झालं, आता तुम्ही जा. तसा हात बाहेर आला. बोटांना निळा रंग लागलेला होता. मी घरी गेलो. मला वाटतं, मी पुस्तकात पाहतच गेलो.

पल्लवी सोमवारी संध्याकाळी पोचली. विधी झाले, विहारातली मुलं आली, पाहुणे गेले. निघायच्या आदल्या दिवशी मी माझ्या खिडकीतून पाहिलं तर ती गाडीत बसली होती. मी बाहेर आलो. कुठे उभं राहावं ते न कळून झाडाखाली उभा राहिलो. तिने किल्ली फिरवली आणि रिव्हर्स गिअर टाकला. मागचा पांढरा दिवा लागला. गाडी हलली नाही. ती बराच वेळ पडद्याकडे पाहत होती.

मग काच खाली झाली. "सर, तुम्ही यात खूप लांब दिसता."

"हो," मी म्हणालो. "बारीकही."

ती हसली, आणि नंतर तिने कपाळ स्टिअरिंगवर टेकलं. मी तिथेच उभा राहिलो. थोड्या वेळाने दिवा विझला.

गाडी मॅडमच्या भावाच्या मुलाला दिली. तो देवरीहून येऊन घेऊन गेला. तोंड गेटकडेच होतं, त्यामुळे त्याला मागे पाहावं लागलं नाही.

घराला कुलूप आहे. किल्ली माझ्याकडे आहे. अंगणातली हिरवी रेष पुसट झाली आहे, पिवळी अर्धी उरली आहे, भिंतीजवळची जाड लाल रेष आहे तशी आहे. सीताफळाखाली मी उभा राहायचो तेवढ्या जागेवर गवत नाही.